मामाजींची नेमणूक

माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका कुठल्याही पदाला लायक आणि कुठल्याही पदावर बसवायला अशक्य असा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नाही, असं मी लिहून द्यायला तयार आहे. लिहून देणं हा माझा उद्योगच आहे म्हणा. कॉलेजात असताना मी एका संघटनेत गेले, तिथे मला पहिल्याच दिवशी पत्रकं लिहायला बसवलं, आणि तेव्हापासून मला साधं बोलता येत नाही. भाच्याच्या वाढदिवसाचं निमंत्रण मी लिहिलं तर त्याला ‘जाहीर आवाहन’ असा मथळा पडतो. भाजीत मीठ कमी असलं तर मी तीव्र निषेध नोंदवते. आई म्हणते, हिला बघायला जे कोणी येतील त्यांना चहाच्या आधी मागण्यांची यादी द्यावी लागणार. तर अशा मला आयुष्यातला पहिला खराखुरा उमेदवार मिळाला तो ताईच्या सासरी, दिघोरीच्या पुढे दोन कोसांवर असलेल्या एका लहानशा गावात. ताई त्यांना मामाजी म्हणते, म्हणून मीही मामाजी म्हणते. गाव त्यांना पाणकर म्हणतं. आमच्याकडे गावोगाव मालगुजारांच्या काळचे तलाव आहेत, आणि तलावाखालच्या धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, कधी, किती आणि कोणाच्या आधी कोणाला पाणी द्यायचं हे जो ठरवतो तो पाणकर. या कामाला ऑफिस नाही, शिक्का नाही, खुर्चीही नाही. खुर्ची असती तरी मामाजी तिच्यावर बसले नसते, पण त्याकडे मी नंतर येते.

मामाजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते ताईला बघायला ते भंडाऱ्याला आमच्या घरी आले तेव्हा. मी शाळेत होते. सोबत आलेल्या पाहुण्यांनी रीतीप्रमाणे ताईला शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला, एका आत्याबाईंनी तिला चालून दाखवायला लावलं, ज्याचा राग मला आजही आहे. मामाजी काहीच विचारीनात. ते आत आले, घरभर एक नजर फिरवली, मागच्या दारी जाऊन उभे राहिले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, “तुमच्या मोरीचं पाणी कुठं जाते?” बाबा त्या घरात वीस वर्षं राहत होते. त्यांनी आईकडे पाहिलं, आईने भिंतीकडे. तेव्हा पोह्यांच्या प्लेटा घेऊन उभी असलेली ताई खाली मान घालून म्हणाली, “मागच्या नालीतून शेजारच्या काकूंच्या पपईला जाते. उन्हाळ्यात मी बादलीने आपल्या लिंबाला वळवते.” मामाजी परत येऊन दारात टेकले आणि म्हणाले, “पोरगी पसंत आहे, आता पोहे आणा.” लग्नाच्या घाईत हा प्रसंग सगळे विसरले. मीही विसरले. माझ्यासारख्या चळवळीतल्या कार्यकर्तीने निदान तेवढं विसरायला नको होतं.

मामाजींच्या सवयी सांगायला बसलं तर पत्रकाच्या दोन्ही बाजू भरतील. रोज सकाळी ते तलावाच्या पारीवरून, म्हणजे मातीच्या बंधाऱ्यावरून, एक फेरी घालतात आणि वडीलधाऱ्या माणसाची तब्येत विचारावी तशी तलावाची विचारपूस करतात. घरी येऊन सांगतात, “आज पोट जरा खाली आहे त्यायचं.” तलावाला ते अरेतुरे करत नाहीत. मला मात्र पहिल्या दिवसापासून तू म्हणतात. त्यांच्या हातात बांबूची एक काठी असते, त्यांच्या उंचीहून हातभर लांब, चाकूने खुणा पाडलेली, आणि समोर येईल ती गोष्ट ते तिने मोजतात. माझ्या भाच्याच्या बारशाला त्यांनी पंगतीच्या दोन रांगांमधली जागा मोजली आणि वाढणाऱ्याला वाकायला जागा नाही म्हणून सगळ्यांना उठवून पुन्हा बसवलं. सभेला ते खुर्चीवर बसत नाहीत, उंबरठ्यावर बसतात. का, तर दारातून आभाळ दिसतं. ग्रामसभेत येणारा जाणारा प्रत्येक माणूस त्यांना ओलांडून जातो, आणि प्रत्येक वेळी ते “दमानं, दमानं” असं म्हणतात, जणू अडचण त्याची आहे.

पाण्याच्या बाबतीत तर त्यांच्यापुढे कोणाचंच चालत नाही. पावसाने ओढ दिली आणि धान निसवायला आलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडू लागल्या, की तलावाचं दार, ज्याला तिकडे तुडूम म्हणतात, ते उघडायचं. मग पहिलं पाणी सगळ्यात शेवटच्या बांधीला, तिथून वर वर येत तलावाजवळच्या बांधीला सगळ्यात उशिरा. इतर गावांत नेमकं उलटं चालतं, कारण जो दाराजवळ असतो तो आधी भरून घेतो आणि खालचा आभाळाकडे बघत बसतो. एका वर्षी मामाजींचे सख्खे साळे मोहाडीहून पेढ्यांचा पुडा घेऊन आले. त्यांच्या बायकोच्या वाट्याची बांधी अगदी तलावाला लागून होती. मामाजींनी पेढे खाल्ले, चव चांगली असल्याचं सांगितलं, साळ्यांना हाताला धरून चालत चालत पार शेवटच्या बांधीवर नेलं आणि म्हणाले, “हे भरेपर्यंत इथंच बसा, पाहुणे. भरली का मले हाक मारजा.” साळे दिवसभर चिखलात बसले. सहा वर्षं झाली, अजून त्यांनी दिवाळीला फोन केलेला नाही. मामाजी म्हणतात, “पेढे मात्र बरे आणले होते त्यायनं.”

आणि एक सवय, जिने माझा घात केला. मामाजींना वाचता येतं पण हळू, आणि मोठ्याने. कुठलाही छापील कागद हाती आला की ते तो पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचतात. औषधाच्या बाटलीवरची मुदत, लग्नपत्रिकेतल्या लहान मुलांची लाडिक ओळ, खाली छापखान्याचं नाव, काहीही सोडत नाहीत. “कोणी एवढं छापलं तं वाचाले पाहिजे ना, बाई,” असं त्यांचं म्हणणं. मी आजवर शेकडो पत्रकं वाटली. मामाजी माझे एकमेव वाचक आहेत ज्यांनी ती वाचली.

तर झालं असं. जिल्ह्यातल्या गावतलावांच्या आणि सामायिक जमिनींच्या जतनासाठी एक आयोग नेमायचं ठरलं, आणि प्रत्येक तालुक्यातून पाणीवाटपाचा अनुभव असलेला एक जाणकार ग्रामस्थ त्यावर घ्यायचा होता. हा आयोग प्रत्येक तलावाची हद्द नकाशावर नक्की करणार होता. एकदा रेघ ओढली की ओढली. पुढच्या शंभर वर्षांत तलाव तेवढाच. ताईच्या तालुक्यातून नाव येणार होतं एका लॉनवाल्यांचं. मामाजींच्या गावचा तलाव मागच्या अंगाने जिथे डांबरी रस्त्याला लागतो, तिथेच त्यांचं लग्नाचं लॉन आहे. पावसाळ्यात नवरानवरीच्या स्टेजखालून बेडूक ओरडतात, यावरून जमीन मुळात कोणाची ते ओळखावं. त्यांनी रेघ ओढली असती तर तलावाचं मागचं सगळं अंग कोरडं म्हणून सुटलं असतं, तेवढं पाणी कमी झालं असतं, आणि मामाजींच्या शेवटच्या बांध्यांना पहिलं पाणी द्यायला पाणीच उरलं नसतं.

मी पेटून उठले. पेटून उठायला मला एरवीही फार लागत नाही. मी निवेदनांवर निवेदनं दिली की, ज्याच्या ताब्यात तलावाची जमीन आहे अशा माणसाला आयोगावर घेऊच नये, तशी अटच घाला. ही अट मी लॉनवाल्यांच्या मापाने शिवली होती. आणि आश्चर्य म्हणजे ती मान्य झाली. माझ्या निवेदनातलं वाक्य, माझ्याच शब्दांत, सरकारी कागदावर आलं. मी संघटनेत पेढे वाटले आणि ते सरकारी पत्र मोबाइलवर इतक्या लोकांना पाठवलं की दोघातिघांनी मला ब्लॉक केलं. लॉनवाले मात्र शांत होते. त्यांच्याकडे लॉनचे कागद होते, आणि प्रत्यक्ष जागा मोजायला कोणीच येणार नव्हतं.

मग संघटनेतर्फे मामाजींचं नाव सुचवून मी आमच्या या उमेदवाराची मुलाखत घ्यायला गावी गेले, म्हणजे तिच्यावरून पत्रक करता येईल. मामाजी उंबरठ्यावर बसले, मी समोर खाटेवर वही घेऊन, ताई आत चुलीपाशी.

“मामाजी, मागच्या साली तुडूम कधी उघडलं?”

“धान निसवाले आलं तवा. दिवस तुह्या ताईले विचार.”

“पोळा झाल्यावर पाचव्या दिवशी,” आतून ताई.

“एकूण किती बांध्यांना पाणी जातं?”

“सगळ्यायले. आकडा तुह्या ताईले विचार.”

“त्र्याऐंशी. त्यातल्या सात आता पडीत आहेत,” आतून ताई, आणि फोडणीचा आवाज.

“आणि तलाव फुटायची पहिली खूण कोणती?”

मामाजींनी बराच वेळ आभाळाकडे पाहिलं. “पारीच्या खालून झिरपलेलं पाणी गढूळ येते,” ते म्हणाले. “निर्मळ येत असलं तं भ्यायचं काम नाही. नाही का, सूनबाई?”

“होय, मामाजी. अन् पारीवर उंदराचे बिळं पाहाचे.”

घरी येऊन मी मुलाखत स्वच्छ लिहून काढली. ‘तुह्या ताईले विचार’ ही त्यांची एक लकब दिसत होती, तीस वेळा आली होती, वाचकाला कंटाळा आला असता, म्हणून मी ती सगळीकडून काढून टाकली. उत्तरं ठेवली. स्त्रियांच्या अदृश्य श्रमांवर मी स्वतः दोन पत्रकं लिहिली आहेत, हे इथे नमूद करते. दोन्ही रंगीत होती.

पत्रक छापून आलं तेव्हा गठ्ठा घेऊन मी थेट गावी गेले. पहिला कागद उमेदवाराच्या हातात. मामाजी उंबरठ्यावर टेकले आणि त्यांनी वाचायला घेतलं. “पा-त्र मा-ण-सा-ला-च ने-मा.” मी उभी राहून ऐकत होते, स्वतःचं लिखाण इतकं सावकाश मी कधी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या परिच्छेदात मी लिहिलं होतं, ‘ज्यांच्या धुऱ्याने तलावाची वीतभरही जमीन कधी घेतली नाही, असे हे पाणकर.’ धुरा म्हणजे बांधीचा मातीचा बांध. मामाजी त्या ओळीवर थांबले. परत मागून वाचली.

“हे तुले कोणी सांगितलं?”

“सांगायचं काय त्यात, मामाजी. सगळ्या गावाला माहीत आहे.”

“गावानं मोजलं काय?”

“मोजायची काय गरज?”

“मंग लिवलं काहून?”

त्यांनी उरलेलं पत्रक वाचलं, माझ्या घोषणा वाचल्या, छापखान्याचं नाव आणि त्याचा फोन नंबर वाचला, मग कागदाची नीट घडी केली, काठी घेतली आणि ताईला हाक मारून म्हणाले, “चाल सूनबाई, मोजून येऊ.”

मामाजींची एक बांधी तलावाच्या काठाला लागून आहे. तिथल्या मोहाच्या झाडाखाली हद्दीचा जुना दगड आहे. ताईने एक टोक धरलं, मामाजी काठी टाकत गेले, आणि धुरा दगडापासून जिथे हवा होता त्याच्यापुढे तीन हात तलावाकडे सरकलेला निघाला. मामाजींनी काठी मोहाला टेकवली. मग त्यांनी उजव्या हाताने हवेतच फावडं चालवून पाहिलं, एकदा, दोनदा, आणि हसले. दरवर्षी पाऊस झाला की धुरा खचतो आणि आतल्या बाजूची माती ओढून बाहेरच्या अंगाला लिंपावी लागते. मामाजी उजवे. चाळीस वर्षं त्यांनी एकाच दिशेने उभं राहून एकाच अंगाला चिखल लिंपला, आणि धुरा दर साली दोन बोटं चालत गेला. तलाव मोजणाऱ्या माणसाने तेवढा एक धुरा कधी मोजला नव्हता, कारण तो स्वतःचा होता.

“मामाजी, हे अतिक्रमण नाही,” मी म्हणाले. “हा चिखल आहे.”

“तलावाले काय फरक पडते, बाई. जमीन तं गेली ना त्यायची.”

“मग उद्या सकाळी धुरा मागे घेऊ. कोणाला कळणारही नाही.”

“अन् तू काय लिवलं? ‘कधी’ घेतली नाही. आता घेतली तं आहे.”

“मी तो शब्द खोडते.”

“छापला ना पण.”

पाच हजार प्रतींचा गठ्ठा दारात पडला होता. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की मी जरा कमी लिहायला हवं होतं. पण खरी कमाल पुढे झाली. मामाजी म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, तू अर्ज लिही. आणि मी, जी दहा गावांत अन्यायाविरुद्ध अर्ज लिहून देते, ती त्या ओट्यावर बसून माझ्या एकमेव उमेदवाराविरुद्ध त्याच्याच सांगण्यावरून तक्रार लिहू लागले. अर्जदार ते, ज्याच्याविरुद्ध तक्रार तेही तेच. सवयीने हात चालत गेला आणि शेवटी मी लिहिलं, ‘तरी संबंधितावर कठोर कारवाई करावी, ही नम्र विनंती.’ मामाजींनी सगळा अर्ज मोठ्याने वाचला. ‘कठोर कारवाई’ला मान डोलावली. म्हणाले, “हे चांगलं लिवलं तू.” माझ्या लिखाणाची त्यांनी केलेली ही पहिली आणि शेवटची स्तुती.

तक्रार आली म्हणजे मोजणी आली. मोजणीवाले तीन पायांचं यंत्र घेऊन आले आणि म्हणाले, एका धुऱ्याची हद्द काढायची तर तलावाचा सगळाच काठ मोजावा लागेल. मोजला. लॉनचा स्टेज, त्याच्यामागचा स्वयंपाकाचा शेड आणि गाड्या लावायची जागा तलावात निघाली. लॉनवाले जागेवर अपात्र झाले. नाचावं असा क्षण होता, पण त्याच मोजणीत गावातल्या आणखी अकरा जणांचे धुरेही तलावात निघाले. गावात उजव्या हाताची माणसं जास्त आहेत. संध्याकाळी ते अकरा जण मामाजींच्या दारात येऊन बसले. एक जण म्हणाला, “पाणकर, तुमी बुडले तं बुडले, आमाले काहून ओढलं?” मामाजी म्हणाले, “मी कुठं ओढलं? धुरा तुमचाच होय ना?” दुसरा माझ्याकडे वळून म्हणाला, “अन् पत्रकबाई, आता कोणाचं मोजाले घेता?” पत्रकबाई हे माझं गावातलं नाव. मी दोन दिवस ताईच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडले नाही. तिथे बसून एवढं कळलं की दर थोड्या वेळाने कोणीतरी मागच्या दाराशी येऊन ताईला विचारून जातं, की बाई, आपला पाट कोणत्या अंगानं साफ करायचा, की खालच्या बांधीचं तोंड किती ठेवू. मी डाळ निवडत होते. मला वाटलं, शेजारधर्म.

सुनावणी लाखांदूरला होती. मामाजींचे गुडघे दोन वर्षांपासून धरलेले, म्हणून एसटीत चढवायला उतरवायला ताई सोबत आली. मी पिशवीत भाषण घेऊन आले, ‘प्रामाणिकपणाची शिक्षा’ असं त्याला नावही दिलं होतं. कचेरीत साहेबांनी मामाजींना खुर्ची दिली. मामाजी दारात बसले. शिपाई त्यांना ओलांडून पाणी घेऊन आला, तेव्हा ते म्हणाले, “दमानं.” साहेब वयाने तरुण होते आणि चांगले होते, त्यामुळे माझ्या भाषणाची धार आधीच गेली.

“बाबा, तुमची तक्रार खरी निघाली,” साहेब म्हणाले. “नियमाप्रमाणे तुम्हाला घेता येत नाही. अट अगदी स्पष्ट आहे. कोणी लिहिली माहीत नाही, पण पळवाट ठेवली नाही.”

मी पिशवीत काहीतरी शोधू लागले.

“बरोबर आहे,” मामाजी म्हणाले.

“मला वाईट वाटतं. आता तुमच्या भागातून नाव नाही, जागा दुसरीकडे जाईल. निदान मला एवढं सांगून जा, खालपर्यंत पाणी पोचायला तुमच्याकडे किती दिवस लागतात?”

मामाजींनी मान वळवली. “सूनबाई, सांग सायबाले.”

ताईने सांगितलं. किती दिवस, कुठे पाणी मुरतं, कुठल्या वळणावर रात्रीतून कोण तोंड फोडतं आणि ते कसं ओळखायचं. साहेब आणखी विचारत गेले, ती पदर सावरत, हातातली डब्याची पिशवी न ठेवता सांगत गेली. गुडघे गेल्यापासून दोन वर्षं तुडूम तीच उघडत होती. गावाला माहीत होतं. त्र्याऐंशी बांध्यांच्या मालकांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते तिच्या घरी राहून तिच्या हातचं जेवून पाणीवाटपावर मुलाखत लिहिणाऱ्या तिच्या बहिणीला. शेवटी कोपऱ्यातला कारकून, ज्याने आतापर्यंत मान वर केली नव्हती, तो म्हणाला, “सर, मग यांचंच नाव का टाकत नाही?”

साहेबांनी कागद पुढे ओढला. “तुमच्या नावावर जमीन?”

“काही नाही.”

“अतिक्रमण?”

“जमीनच नाही तं कायचं अतिक्रमण, साहेब,” ताई म्हणाली. “सातबाऱ्यावर मामाजी आहेत, मंग आमचे हे राहतील, मंग पोरगा. माझा नंबर आलाच नाही.”

खोलीतले सगळे हसले. मी हसले नाही. स्त्रियांच्या नावावर जमीन नसते यावर माझं तिसरं पत्रक तयार होतं, आणि त्याच एका अन्यायामुळे अख्ख्या तालुक्यात माझ्या अटीला पूर्ण उतरणारी व्यक्ती माझी ताई निघाली होती. निषेध करावा की आभार मानावेत, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. तेव्हा मी हात वर केलेला होता, भाषणासाठी. साहेब म्हणाले, “तुम्ही कोण?” मी म्हणाले, “मी यांची बहीण.” आयुष्यात मी दिलेली ही सगळ्यात लहान ओळख.

परतीच्या एसटीत मामाजी खिडकीशी झोपले. ताईने डबा उघडला, मला पोळी दिली आणि म्हणाली, “तू मले एकदाबी विचारलं नाहीस गं.”

“तू स्वयंपाक करत होतीस.”

“बोलूनबी राहिली होती ना.”

मी पोळी खाल्ली. निवेदन नाही, खुलासा नाही. ताईला बघायला आले तेव्हा मामाजींनी विचारलेला मोरीचा प्रश्न मला साकोलीच्या फाट्यापर्यंत आठवत राहिला.

ताई आता आयोगावर आहे. महिन्यातून एकदा बैठकीला जाते. तलावाची रेघ मोहाखालच्या जुन्या दगडावरून ओढली गेली, लॉनवाल्यांचा स्टेज पाडला गेला, बेडूक आता उघड्यावर ओरडतात. मामाजींनी आपला धुरा तीन हात मागे घेतला. अकरांपैकी चौघांनी घेतला, दोघांनी अर्धा घेतला, पाच जण अजून आमच्याशी बोलत नाहीत. पावसाळ्यात त्या सोडलेल्या पट्टीवर पाणी आलं तेव्हा मामाजी मला दाखवायला घेऊन गेले. वीतभर खोल पाणी, त्यात चार बेडूकमासे. त्यांनी काठी बुडवून खोली पाहिली आणि घरी चल म्हणाले.

मागच्या महिन्यात मी गेले होते. ताई बैठकीला गेली होती आणि दुपारच्या एसटीने परतणार होती, म्हणून आम्ही दोघं थांब्यावर बसलो होतो, म्हणजे मी बाकावर आणि मामाजी खाली मातीत, जिथून आभाळ दिसतं. धान निसवायला आलं होतं, पाऊस आठ दिवस नव्हता. मी नवं पत्रक त्यांच्या हातात दिलं होतं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं होतं, वाचलं नव्हतं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “बाई, पहिलं पाणी कोणाले द्याचं असते?”

मला वाटलं, परीक्षा घेतायत. मी जोरात, घोषणा द्यावी तसं सांगितलं, “शेवटच्या बांधीला, मामाजी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत परीक्षा नव्हती. ते स्वतःशीच दोनदा पुटपुटले, शेवटच्या बांधीले, शेवटच्या बांधीले, जसं आपण एखाद्याचा फोन नंबर लिहून घेईपर्यंत घोळवत राहतो. मग मला मुलाखतीतली ती तीस ठिकाणं आठवली, जी मी कंटाळवाणी म्हणून काढून टाकली होती. ‘तुह्या ताईले विचार.’ माझ्याकडे ती स्वच्छ प्रत, जुन्या वहीसकट, अजून आहे. त्या दिवशी घरी आल्यावर मी ती काढली आणि प्रत्येक उत्तरापुढे ते वाक्य परत लिहिलं, जिथे जिथे होतं तिथे.

थांब्यावर लांबून एसटी दिसली तेव्हा मामाजी काठीवर भार देऊन उठले. “आली,” ते म्हणाले, “आता तिले विचारू.”